बुडापेस्ट गॅम्बिट: अनपेक्षित सुरुवात करून वरच्या रेटिंगच्या खेळाडूला कसे हरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) १५००च्या आसपास आहे, स्पर्धेत १८००-१९०० रेटिंगवाल्यांशी गाठ पडते. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना समोरून वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकले की नेहमीच्या सुरुवाती त्यांनाच जास्त पाठ असतात आणि डाव हळूहळू हातातून निसटतो. एखादी वेगळी सुरुवात शिकून असा डाव जिंकता येईल का? येत असेल तर तयारी कशी करायची?

येईल. मात्र वेगळ्या सुरुवातीतून नेमके काय मिळते, याची कल्पना आधी स्पष्ट हवी. बहुतेक जण सापळ्यासाठी शिकतात: समोरचा एक चूक करणार आणि दहाव्या चालीला डाव संपणार. १८०० रेटिंगचा खेळाडू क्वचितच असा सापडतो. खरी कमाई दोन गोष्टींची आहे. तो पहिल्या दहा चालींत आपली पंधरा-वीस मिनिटे विचारात घालवतो, आणि मग जी स्थिती येते ती तुम्ही अनेकदा खेळलेली असते, त्याने मात्र पहिल्यांदाच पाहिलेली. म्हणून अभ्यास सापळ्यापासून सुरू करू नका. समोरच्याने सर्वांत शांत, सर्वांत कंटाळवाणे उत्तर दिले तर तुम्ही काय खेळणार, तिथून सुरू करा. त्या स्थितीत तुमचा डाव उभा राहत असेल तरच ती सुरुवात स्पर्धेत न्यायची.

या कसोटीवर न टिकणारे एक उदाहरण बघू. (चाली लिहिताना घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. नुसते घर लिहिले असेल तर प्याद्याची चाल. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह, ! म्हणजे चांगली चाल, आकड्यापुढे तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल. घोजी म्हणजे जी-पट्टीवरचा घोडा.) एंग्लुंड गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादे देऊन बदल्यात वेग मिळवणे) ऑनलाइन ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, फार दिसतो: १. डी४ ई५ २. डी×ई५ घो-सी६ ३. घो-एफ३ व-ई७ ४. उं-एफ४ व-बी४+ ५. उं-डी२ व×बी२. आता ६. उं-सी३ खेळला की उं-बी४! ७. व-डी२ उं×सी३ ८. व×सी३ व-सी१ मात. दिसायला झकास. पण पांढऱ्याने साधी ६. घो-सी३ खेळली की सगळे उलटते: ६...उं-बी४ ७. ह-बी१ व-ए३ ८. ह-बी३, वजीर पळत सुटतो, पांढऱ्याचे मोहरे बाहेर आलेले आणि काळ्याचे घरीच. नव्वद मिनिटांच्या डावात सहाव्या चालीला पाच मिनिटे विचार करून ६. घो-सी३ सापडणे मुळीच अवघड नाही. तेव्हा असली सुरुवात स्पर्धेत नको.

कसोटीवर टिकणारी आणि तरीही फारशी न दिसणारी सुरुवात म्हणजे बुडापेस्ट गॅम्बिट: १. डी४ घो-एफ६ २. सी४ ई५ ३. डी×ई५ घो-जी४. काळा एक प्यादे देतो आणि बहुतेक वेळा ते परत मिळवतो. इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम) पांढऱ्याला थोडे वरचढ दाखवते. ते मान्य करून पुढे जायचे, कारण काळ्याची रचना निरोगी राहते, मोहरे पटकन बाहेर पडतात आणि पुढच्या योजना सोप्या असतात.

आता ते कंटाळवाणे उत्तर. जाणकार खेळाडू गॅम्बिटचे नाव आठवत नसेल तर प्यादे राखायच्या फंदात पडत नाही, मोहरे बाहेर काढतो: ४. घो-एफ३ उं-सी५ (एफ२वर नजर, त्यामुळे पुढची चाल जवळपास सक्तीची) ५. ई३ घो-सी६ ६. उं-ई२ घोजी×ई५ ७. घो×ई५ घो×ई५ ८. कॅसलिंग, कॅसलिंग ९. घो-सी३ ह-ई८ १०. बी३ ए५! ११. उं-बी२ ह-ए६!

ही ए५ आणि ह-ए६ जोडी या सुरुवातीचा कणा आहे, म्हणून इथे थांबू. ए५मुळे पांढऱ्याला ए३-बी४ करून सी५च्या उंटाला सहज हाकलता येत नाही, उंटाला ए७ हे सुरक्षित घर मिळते आणि ए८च्या हत्तीला बाहेर पडायला वाट होते. हा हत्ती ए६वरून सहाव्या रांगेने थेट जी६ किंवा एच६वर जातो. मग व-एच४ आली की एच२वर वजीर आणि हत्ती दोघांचा डोळा असतो आणि ई५चा घोडा जी४वर उडी मारायला तयार असतो. पांढऱ्याने ई३ खेळून आपला एक कर्ण स्वतःच बंद केलेला असतो आणि त्याचे मोहरे वजिराच्या बाजूला गुंतलेले असतात. राजाच्या बाजूला काळ्याचे तीन मोहरे येऊन ठेपल्यावरच बऱ्याच जणांना धोका जाणवतो.

इथे चुका ठरावीक आहेत. पहिली: सवयीने डी६ खेळणे. त्या प्याद्याने सहावी रांग अडते आणि हत्तीची वाट बंद होते. हत्ती एच६ला पोचेपर्यंत डीचे प्यादे डी७वरच राहू द्या, सी८चा उंट थोडा वेळ अडकला तरी चालेल. दुसरी: हत्ती ए६वर नेऊन तिथेच ठेवणे. पांढऱ्याने १२. घो-ई४ खेळून सी५च्या उंटाला हात घातला, उंट ए७ला गेला, की पुढची सी५ दुहेरी काम करते. ए७च्या उंटाचा कर्ण बंद होतो आणि सी४ मोकळे झाल्यामुळे ई२चा उंट सरळ ए६च्या हत्तीवर येतो. हत्तीला तेव्हा सहाव्या रांगेने निघून जाता येते, पण उंट मात्र कोंडला जातो. म्हणून घो-ई४ दिसली की सी५ची शक्यता आधी मोजा. अशा वेळी उंट ए७ऐवजी एफ८ला नेणे अनेकदा बरे. तिसरी चूक सर्वांत महाग. पांढऱ्याने उंट ई२ऐवजी डी३वर ठेवला असेल आणि दुसरा उंट बी२वर असेल, तर ई५वरची मारामारी डोळे झाकून करू नका. दोन घोडे ई५वर कापले गेल्यावर उं×एच७+! रा×एच७, व-एच५+ रा-जी८, उं×ई५ असा हिशेब पांढऱ्याला मिळतो. प्यादे गेले आणि राजाही उघडा पडला.

पांढऱ्याचे दुसरे उत्तर प्यादे धरून ठेवण्याचे: ४. उं-एफ४ घो-सी६ ५. घो-एफ३ उं-बी४+. इथे दोन फाटे फुटतात.

६. घोबी-डी२ व-ई७ नंतर ७. ए३ खेळली तर उंट हलवू नका, ७...घोजी×ई५! खेळा. उंट फुकट मिळतोय असे वाटून ८. ए×बी४ झाली की घो-डी३ मात. ई२चे प्यादे वजिरामुळे जखडलेले, डी२वर स्वतःचाच घोडा, राजाला एकही घर नाही. हा सापळा चांगला आहे, कारण समोरच्याने तो ओळखला तरी तुमचे काही बिघडत नाही: ८. घो×ई५ घो×ई५ ९. ई३ उं×डी२+ १०. व×डी२ डी६, प्यादी समसमान. पांढऱ्याकडे दोन उंट आहेत आणि त्याला बी४ व सी५ ढकलून फळी फोडायची आहे. काळ्याने कॅसलिंग करून बी६ आणि उं-बी७ अशी मांडणी करावी, सी५वर सतत लक्ष ठेवावे आणि ई५चा घोडा सहजासहजी बदलू नये. त्याला हाकलायला पांढऱ्याला एफ-प्यादे ढकलावे लागते, आणि त्यासाठी आधी स्वतःचा उंट एफ४वरून हलवावा लागतो. ते प्यादे पुढे गेले की ई३ आणि ई४ घरे कमजोर पडतात. ७. ए३ऐवजी शांत ७. ई३ आली तरी घो×ई५ करून हीच मांडणी करा.

मजबूत खेळाडूच्या हातात ही ७. ई३ ओळ काळ्यासाठी सर्वांत कष्टाची आहे. १९९२च्या लिनारेसमधील कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या) उपांत्य लढतीत नायजेल शॉर्टने पहिल्याच डावात अनातोली कार्पोवविरुद्ध बुडापेस्ट काढला आणि तो डाव कार्पोवने जिंकला. लढत पुढे शॉर्टनेच जिंकली, पण बुडापेस्टच्या जोरावर नव्हे. दोन उंटांची किंमत कार्पोवला पुरेपूर ठाऊक होती. तुमच्या गटातल्या प्रतिस्पर्ध्याकडून तेवढे तंत्र अपेक्षित नाही, तरी दोन उंटांविरुद्धचे शेवट थोडे खेळून ठेवा.

दुसरा फाटा ६. घो-सी३. हा खरा गॅम्बिट, कारण इथे प्यादे लगेच परत मिळत नाही: ६...व-ई७ ७. व-डी५ उं×सी३+ ८. बी×सी३ एफ६ ९. ई×एफ६ घो×एफ६. शेवटच्या चालीने डी५च्या वजिरावर हल्ला होतो, म्हणजे एक चाल फुकट मिळते. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त आहे, पण सी३ आणि सी४ची दुहेरी प्यादी त्याला कायमची जड होतात. पुढे डी६, कॅसलिंग, एक घोडा ई४वर, दुसरा ए५वरून सी४च्या प्याद्यावर, आणि एफ-पट्टीवर हत्ती. घाईने प्यादे परत घ्यायला जाऊ नका. वजिरांची अदलाबदलही टाळा, कारण वजीर गेले की दुहेरी प्यादी पांढऱ्याला तितकी बोचत नाहीत.

या फाट्याचा सर्वांत प्रसिद्ध डाव रुबिनस्टाइन विरुद्ध विडमार, बर्लिन, १९१८. तोपर्यंत ही सुरुवात हंगेरीबाहेर फारशी कोणी मनावर घेतली नव्हती. विडमारने ८...व-ए३ असा दुसरा मार्ग घेतला: ९. ह-सी१ एफ६ १०. ई×एफ६ घो×एफ६ ११. व-डी२ डी६ १२. घो-डी४ कॅसलिंग. इथे रुबिनस्टाइनने १३. ई३ ही साधी दिसणारी चाल केली आणि डाव उलटला. १३...घो×डी४ १४. सी×डी४ घो-ई४! १५. व-सी२ व-ए५+ १६. रा-ई२ ह×एफ४! हत्ती देऊन उंट घेतला, कारण १७. ई×एफ४ उं-एफ५नंतर ई४चा घोडा जी३वर शह देत हलला की मागचा उंट सी२च्या वजिरावर पडतो. १८. व-बी२ ह-ई८ १९. रा-एफ३ घो-डी२+ २०. रा-जी३ घो-ई४+ २१. रा-एच४ ह-ई६ २२. उं-ई२ ह-एच६+ २३. उं-एच५ ह×एच५+ २४. रा×एच५ उं-जी६+ आणि रुबिनस्टाइनने डाव सोडला. हा डाव पटावर मांडून एकदा हाताने खेळा. चुकीच्या जागी सरकवलेल्या एका प्याद्यामुळे ई४चा घोडा किती जबरदस्त होतो, हे त्यात दिसते, आणि तो घोडा तुमच्या डावांतही येणार आहे.

तिसरे उत्तर ४. ई४. इथे बेसावध राहिलात तर चौथ्या चालीलाच घोडा जातो. ई२चे प्यादे हलले की डी१चा वजीर थेट जी४च्या घोड्यावर येतो आणि सी८च्या उंटाचा आधार डी७च्या प्याद्याने अडवलेला असतो. पाठांतराच्या भरात उं-सी५ किंवा घो-सी६ खेळलात की व×जी४, विषय संपला. ४...घो×ई५ ५. एफ४ घोई-सी६ ६. उं-ई३ उं-बी४+ ७. घो-सी३ व-ई७ लक्षात ठेवा. पांढऱ्याने तीन प्यादी पुढे ढकलली आहेत, मागे डी४सारखी घरे कमजोर झाली आहेत, ई४वर दबाव आहे. ती फळी डी६ आणि एफ५ने फोडायची. ४. ई३लाही उत्तर तेच, घो×ई५, आणि तिथे काळ्याला काहीच चिंता नाही.

प्यादे घेतलेच नाही तर? ३. डी५ला उं-सी५ आणि मग डी६: नेहमी आत अडकणारा उंट इथे आधीच बाहेर आहे. ३. ई३ला ई×डी४ ४. ई×डी४ डी५, साधा समतोल डाव.

खरी मर्यादा वेगळीच आहे आणि ती फार जण विसरतात. पांढऱ्याने दुसरी चाल सी४ केली तरच बुडापेस्ट होतो. २. घो-एफ३ आली की ई५ घराला घोड्याचे संरक्षण मिळते आणि गॅम्बिट संपला. लंडन पद्धतीवाल्यांच्या (डी४नंतर उंट एफ४वर आणणाऱ्यांच्या) २. उं-एफ४चेही तेच. क्लब पातळीवर लंडन खेळणारे भरपूर आहेत. म्हणून २. घो-एफ३ आणि २. उं-एफ४ला तुमची नेहमीची सुरुवात तयार हवी, मग ती डी५ असो वा जी६. बुडापेस्ट हे तुमच्या शस्त्रागारातले दुसरे शस्त्र आहे, एकुलते एक नव्हे.

तयारी अशी करा. पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ती यादी) लागली की डावांच्या डेटाबेसमध्ये प्रतिस्पर्ध्याचे पांढऱ्या मोहऱ्यांचे डाव शोधा आणि एकच गोष्ट बघा: घो-एफ६ला तो दुसरी चाल काय करतो. सी४ असेल तर पुढे जा, नाहीतर बुडापेस्ट त्या दिवसापुरता विसरा. अभ्यासासाठी एका कागदावर मावेल एवढेच लिहा: तीन मुख्य उत्तरे, प्रत्येकात दहाव्या-बाराव्या चालीपर्यंतची ओळ, शेजारी एका वाक्यात योजना आणि एका वाक्यात धोका. त्याहून जास्त लिहिले तर ऐन डावात आठवत नाही. इंजिनला पहिल्या क्रमांकाची चाल विचारून थांबू नका. माणूस जी चाल करेल, म्हणजे सहज सुचणारी दुसरी-तिसरी चाल, तिला तुमचे उत्तर काय, हे बघा. मग ११...ह-ए६ नंतरची स्थिती पटावर मांडून मित्राशी दोन्ही बाजूंनी खेळा. इंजिनशी खेळून हा सराव होत नाही, कारण ते माणसासारखे चुकत नाही.

पटावर बसल्यावर घड्याळ. ९० मिनिटे अधिक प्रत्येक चालीला ३० सेकंद अशा वेळेत तुमच्या पाठ चाली एकदम फटाफट खेळू नका. २...ई५ दोन सेकंदांत आली की समोरचा समजतो की तयारी आहे, आणि तो सावध होऊन ४. घो-एफ३सारखा सुरक्षित मार्ग धरतो. प्रत्येक चालीला साधारण सारखाच वेळ घ्या. उलट, तुमची पाठ ओळ संपली तिथे मात्र मुद्दाम थांबा आणि दहा मिनिटे घ्या. अनोख्या सुरुवातीचे बहुतेक डाव इथेच हातचे जातात: पहिल्या बारा चाली झटपट झाल्या म्हणून तेरावीही त्याच वेगाने केली जाते, आणि ती चूक असते.

आपले आश्चर्य फसले तर काय होते, याचेही उदाहरण १९१८चेच आहे. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मार्शलने कापाब्लांकाविरुद्ध रुय लोपेझ या सुरुवातीत आठव्या चालीला डी५ खेळून प्यादे सोडले. कापाब्लांकाने ते घेतले, पटावर बसूनच बचाव शोधला आणि ३६ चालींत डाव जिंकला. पण मार्शलची कल्पना खोटी नव्हती. अकराव्या चालीला मार्शलने घो-एफ६ खेळली होती. आज तिथे सी६ खेळतात आणि तो हल्ला अव्वल स्पर्धांत मान्य आहे. हरलेल्या डावानंतर म्हणूनच सुरुवात फेकून देऊ नका. कुठल्या चालीला डाव वळला ते शोधा. बहुतेक वेळा ती चाल सुरुवातीनंतरची असते.

१९८०मध्ये स्वीडनच्या स्कारा येथे युरोपियन सांघिक स्पर्धेत टोनी माइल्सने जगज्जेत्या कार्पोवच्या १. ई४ला १...ए६ असे उत्तर दिले आणि ४६ चालींत जिंकला. लोकांना फक्त ए६ आठवते. पुढच्या चाली बघा: बी५, उं-बी७, घो-एफ६, ई६, सी५. मध्यावर दाब देणारी नेहमीचीच मांडणी आहे, फक्त क्रम उलटा. मधल्या डावात माइल्सने बी२ आणि ई५ची प्यादी टिपली, बदल्यात डी७चे दिले, आणि दोन उंटांसह शेवट जिंकला. त्या एका ए६ने डाव जिंकला नाही, पण तिच्यामुळे कार्पोव त्याच्या ओळखीच्या वाटेवरून बाजूला झाला.

सुरुवात जगाला अनोळखी असायलाच हवी, असेही नाही. २०२४मध्ये सिंगापूरला विश्वविजेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने गुकेशविरुद्ध पहिल्याच डावात फ्रेंच बचाव काढला आणि काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. फ्रेंच जुनाच आहे, त्या दिवशी तो अपेक्षित नव्हता एवढेच.

एकदा बुडापेस्टने डाव जिंकलात की तो डेटाबेसमध्ये जाईल आणि पुढचा प्रतिस्पर्धी तुमच्या नावासमोर २...ई५ बघून २. घो-एफ३ खेळेल. म्हणून एकाच स्पर्धेत तो लागोपाठ काढू नका. मधल्या फेऱ्यांत तुमची नेहमीची सुरुवात खेळा आणि जिथे समोरचा सी४ खेळणारा आहे, त्याचे रेटिंग जास्त आहे आणि तुम्हाला पूर्ण गुण हवा आहे, त्या फेरीसाठी तो राखून ठेवा.